झोळीच्या वळणावरून मुंबईला फोन

आमचा भिला भित्रा आहे. मी त्याची सख्खी फुई, म्हणजे त्याच्या बापाची बहीण, त्यामुळे मला हे म्हणायचा हक्क आहे. तुम्ही म्हणू नका.

लहानपणी तो बहुरूप्याला भ्यायचा, शाळा तपासायला येणाऱ्या साहेबाला भ्यायचा. पोस्टमनला तर इतका भ्यायचा की सायकलची घंटा ऐकली की घरातल्या कापसाच्या ढिगात शिरायचा. एकदा तिथंच झोपला आणि त्याची आई गावभर बोंबलत हिंडली. पुढे मिशी आली, लग्न झालं, पण भ्याव काही गेलं नाही. बहुरूप्याच्या जागी तहसीलदार आला आणि पोस्टमनच्या जागी व्हॉट्सअ‍ॅप, एवढाच फरक.

आणि हाच माणूस तळोद्याहून धडगावच्या घाटात गाडी अशी नेतो, की शेजारी बसलेल्यानं कुलदैवताला नवस बोलावा. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला काहीच नाही. हा आपला निवांत, जसा काही ओट्यावर बसून शेंगा सोलतोय. मी एकदा विचारलं, "भिल्या, आठे तुले भ्याव नही लागस का रे?"

म्हणतो, "फुई, घाट डोळाले दिखस. कागदमा काय दडेल ऱ्हास ते कोणले माहीत?"

आधी तो उसाचा ट्रॅक्टर चालवायचा, मग धडगावची जीप, आणि आता बरीच वर्षं फिरत्या दवाखान्याची गाडी. पांढरी व्हॅन, तिच्यात डॉक्टर मॅडम, एक नर्स आणि औषधांचे खोके. रोज वेगळ्या पाड्यावर जातात. वरची पावरा आदिवासी माणसं मोहाच्या झाडाखाली वाट बघत असतात, हॉर्न ऐकला की उठून लुगडी झटकतात. गाडी सरकारची आणि भिला कंत्राटावर. फिरता दवाखाना चालवायचं कंत्राटही तसंच, मार्च ते मार्च. जगाला मार्च म्हणजे परीक्षा आणि कैऱ्या. भिलाला मार्च म्हणजे पुन्हा तो कापसाचा ढीग.

गाडीचा त्याचा एक नियम आहे. आजारी माणूस सोडून आत कोणी बसायचं नाही. सख्खी फुईसुद्धा नाही. मी तळोद्याच्या स्टँडवर डोक्यावर पिशवी घेऊन उन्हात उभी, आणि हा हात हलवत पुढून निघून जातो. वर ओरडतो, "मांगून जीप यी ऱ्हायनी, फुई!" मेल्या, जीप येते ते मला दिसतंय, तुझी गाडी रिकामी जातेय तेही दिसतंय.

ह्या नियमापायीच तो गोत्यात आला, असं निदान त्याला तरी वाटलं.

झालं असं, मागच्या थंडीत आमच्या आमदारसाहेबांच्या भाच्याचं लग्न होतं. नंदुरबार स्टेशनावर सुरतेच्या आत्याबाई उतरणार होत्या आणि आणायला गाड्या कमी पडल्या. साहेबांचा पीए नवनीत भिलाकडे आला. पोरगा बोलायला गोड, पायात पांढरे बूट.

"भिलाभाऊ, रविवार शे. तुन्ही गाडी उभीच शे ना?"

भिलाची नजर त्या पांढऱ्या बुटांवरून वर येईना. पण म्हणाला, "नवनीतभाऊ, गाडीमा औषधं शेतस. नही जमाव."

आत्याबाई शेवटी रिक्षानं आल्या. रिक्षात त्यांच्या नव्या कोऱ्या शालूला ग्रीस लागलं. लग्नात नवरीपेक्षा त्या डागाचंच जास्त बघणं झालं. कुणी कुणाला काही बोललं नाही, पण त्या दिवसापासून भिलाची झोप उडाली. साहेबांची गाडी समोरून आली की हा उतारावर गाडी कडेला घ्यायचा आणि स्टेअरिंगवरूनच नमस्कार घालायचा. मी चिडवायचे, "अरे, आत्याबाईंची साडी धुवून दे एकदाची, मोकळा हो."

मग मार्च उजाडला. मुंबईत राज्याचा अर्थसंकल्प मांडला गेला. आमच्याकडे तो दिवस कसा असतो? पेपरात 'कुणाला काय मिळालं' अशी चित्रं येतात, चहाच्या टपरीवर दोघं वाद घालतात, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा केळीच्या भावाचा विषय निघतो. मला वाटायचं, मंत्र्यानं भाषण वाचलं की झालं, पैसे निघाले. खरं कामकाज त्याच्यानंतर सुरू होतं, हे मला ह्या वर्षी कळलं. तेही भिलाच्या भित्रेपणामुळे.

एके दिवशी सकाळी मी अंगणात पापड वाळत घालत होते. भिला आला. तोंड पांढरं, हातात मोबाईल.

"फुई, हाई वाच."

"माले चष्मा लागस. तूच वाच."

"माले वाचानं भ्याव लागस."

चष्मा आणला. नवनीतनं तालुक्याच्या ग्रुपवर एका कागदाचा फोटो टाकला होता. वर साहेबांचं नाव, खाली सही. मधे लिहिलेलं: आरोग्य खात्याच्या मागणीतली रक्कम शंभर रुपयांनी कमी करण्यात यावी. आणि खाली विषय: तळोदा व अक्राणी (म्हणजे आमचं धडगावच) भागातील फिरता दवाखाना. कागदाच्या डोक्यावर शब्द होते, 'कपात सूचना'. नवनीतनं वरून हात जोडलेली चित्रं आणि झेंडे लावले होते, जशी काही मिरवणूक निघालीय.

मी म्हटलं, "शंभरच ना रे? शंभरमा तुन्ही गाडीना एक टायर भी येत नही."

"फुई, आज शंभर. हाई तर सुरुवात शे." तो पायरीवर बसला, माझ्या पापडांवरच बसणार होता. "आपलाच आमदार, आपलीच गाडी कापी ऱ्हायना. आत्याबाईना शालू शे हाऊ. मी तुले सांगं होतं."

मला हसू येणार होतं, पण त्याच्याकडे बघितलं आणि आलं नाही. कारण गाडी बंद पडली तर काय होतं, ते त्यानं बघितलेलं होतं.

सात-आठ पावसाळ्यांपूर्वी गाडीचं इंजिन बसलं. सुटा भाग येईपर्यंत गाडी गॅरेजात उभी. वरच्या एका पाड्यावर पार्वतीबाई राहते. तिच्या सुनेला बाळंतपणात त्रास सुरू झाला. हॉर्नची वाट बघितली, हॉर्न आला नाही. मग गड्यांनी बांबूला घोंगडं बांधून झोळी केली आणि पावसात घाट उतरायला लागले. भिला त्या दिवशी दुसऱ्याच्या जीपनं वर येत होता. एका मोठ्या वळणावर त्याला झोळी भेटली. गडी रस्त्याच्या कडेला बसलेले. झोळी खाली ठेवलेली, घोंगडं तोंडावर ओढलेलं. पार्वतीबाई कडेवर थोरली नात घेऊन उभी, काजल तिचं नाव. कोणी रडत नव्हतं, असं भिला म्हणाला. 

त्यानंतर त्या वळणावर तो कधी थांबत नाही. फक्त हॉर्न वाजवतो आणि जातो.

तर आता तो पायरीवर बसून म्हणत होता, "मन्हा नियमनापायी गाडी जाई. मी एक दिवस आत्याबाईले बसाडी लिधं असतं, तर काय बिघडतं होतं?"

"हेमांगीले सांगू का?" मी विचारलं. हेमांगी म्हणजे त्याची बायको. तळोद्याच्या कॉलेजातून बी.ए. झालेली, घरी शिकवण्या घेते, आणि आमच्या आळीत फक्त तिच्याशीच मी जरा जपून बोलते.

"नही, नही! तिले नको सांगू. ती थेट साहेबना दारशी जाईसन भांडी."

म्हणजे आमदाराला भ्यायचं ते भ्यायचंच, वर बायकोलाही भ्यायचं. मग ठरलं, साहेबांपुढे हात जोडायचे. होळी तोंडावर आलेली, सुट्टीला साहेब मुंबईहून येणार आणि होळीआधी भरणाऱ्या धडगावच्या भोंगऱ्या बाजारात हिंडणार, हे नक्की. त्या बाजारात न हिंडून इथं कोणी निवडून येत नाही.

मी जीपनं गेले. हो, जीपनंच! भिला त्याच्या गाडीनं पुढे. बाजारात ढोल असे वाजत होते की छातीत वाजताहेत असं वाटावं. मोरपिसांचे टोप, कमरेला घुंगरं, पोरी नव्या लुगड्यांत, गुळाच्या जिलेबीचा वास. साहेब त्या गर्दीत फेटा बांधून, हातात कुणीतरी दिलेली बासरी धरून चाललेले. दहा जण त्यांच्या बाहीला लोंबकळत होते. कुणाला रस्ता हवा, कुणाला बदली. भिला अकरावा. मी त्याला मागून ढकललं.

साहेबांनी ओळखलं. "काय भिलाभाऊ! दवाखाना काय म्हणस?"

भिलानं एकदम त्यांचे दोन्ही हात धरले. "साहेब, मन्हं चुकनं. ती कपात मांगे ल्या. गाडीवर राग नका काढू, माले काय करनं ते करा."

साहेब क्षणभर गोंधळले. नवनीत त्यांच्या कानाशी लागला. साहेबांनी भिलाकडे बघितलं, मागच्या गर्दीकडे बघितलं. आता ह्या मोठ्या माणसांची एक खोड मी तुम्हाला सांगते. ज्याला 'नाही' म्हटलं तो हात सोडत नाही, 'हो' म्हटलं की सोडतो, हे त्यांना ठाऊक असतं. साहेब हसले आणि म्हणाले, "बरं, बरं. मांगे लिसूत. नवनीत, लिही ले. जा भिलाभाऊ, होळी कर."

भिलानं हात सोडले. बाजारातून येताना त्याच्या तोंडावर असा उजेड होता, की त्यानं मला जिलेबी घेऊन दिली. गाडीत बसवलं नाही. ते वेगळं.

घरी आल्यावर मात्र त्याच्या पोटात ते राहीना. धुळवडीला हेमांगी दारात पोरांना साखरेचं हारकंगन घालत होती, तेव्हा हा बोलून गेला. सगळं. शालू, कागद, साहेबांचे हात.

हेमांगी आधी हसली. मग तिचं हसू थांबलं, आणि मला पहिल्यांदा खरी भीती वाटली. कारण ती भिल्यासारखी उगाच भिणारी नाही.

"तुम्ही कपात सूचना मागं घ्यायला सांगितलंत?" ती म्हणाली. "साहेबांना?"

"हा. आणि साहेब हो म्हणनात."

"देवा!" ती खाली बसली. हातातलं हारकंगन मोडलं. "फुई, तुम्ही पण होत्या तिथं?"

मी लगेच घरात पाणी प्यायला गेले. पण कान बाहेरच होते.

मग तिनं सांगितलं. आता मी माझ्या शब्दांत सांगते, तिच्या शब्दांत सांगितलं तर तुम्ही झोपाल. अर्थसंकल्प मांडला म्हणजे तो मंजूर झाला असं नसतं. आधी सगळ्यावर मिळून बोलतात. मग एकेक खातं आपली मागणी ठेवतं, की वर्षभराला आम्हाला इतकं द्या. त्या मागणीवर एखाद्या आमदाराला आपल्या गावची एखादीच गोष्ट काढायची असेल, तर रीत अशी आहे की त्यानं म्हणायचं, ह्यातले शंभर रुपये कमी करा. कमी कुणालाच करायचे नसतात. पण तसं म्हटलं, की विषय निघतो आणि मंत्र्याला उत्तर द्यावं लागतं. शेवटी ते शंभर रुपये मताला टाकतात, ते पडतात, म्हणजे कपात नामंजूर होते, आणि पुरी मागणी मंजूर होते.

"हे तर आपल्या जावयासारखं झालं," मी आतूनच म्हटलं. "मांडवात जावई रुसून बसल्याशिवाय सासरा विचारत नाही, बाबा तुला काय हवं. रुसायचं असतं ते विचारावं म्हणून. कुणी खरोखर लग्न मोडत नाही."

"तेच तर," हेमांगी म्हणाली. "आणि ह्यांनी जाऊन जावयाला सांगितलं, रुसू नका."

भिला मोडलेल्या हारकंगनाचे तुकडे वेचायला लागला. तिनं हळू आवाजात पुढचं सांगितलं. गाडीचं कंत्राट ह्याच महिन्याच्या अखेरीला संपतं. ती पुढे चालणार का, हे कुणालाच माहीत नव्हतं. तळोद्याच्या दवाखान्यालाही नाही. साहेब ते विचारणार होते. आता विचारणार नाहीत. आणि कुणी विचारलं नाही, तर शेवटच्या दिवशी उरलेल्या सगळ्या मागण्या चर्चेविना एकदम मताला टाकतात. शेवटची पंगत कशी उठवतात? वाढा, उचला, वाढा, उचला. ताटात काय पडलं, काय नाही, कोण बघतं?

"मंग मी आते काय करू?" भिला म्हणाला. आवाज इतका बारीक की मला तो कापसात लपलेला पोरगा आठवला.

"फोन करा. सांगा, मागं नका घेऊ."

एकदा साहेबांच्या हातापाया पडून 'कापू नका' म्हणायचं, आणि आता फोन करून 'कापा' म्हणायचं. भिलासाठी ह्यापेक्षा दरीत उडी सोपी होती. तरी त्यानं नवनीतला फोन लावला. लागला नाही. पुन्हा लावला, पुन्हा नाही. हेमांगीनं लावला, मी लावला. नवनीत साहेबांबरोबर मुंबईला परतलेला, आणि तिथं त्याचा फोन म्हणे पिशवीत बंद पडून असतो.

आरोग्य खात्याची मागणी ज्या दिवशी होती, त्या दिवशी भिलाची फेरी पार्वतीबाईच्याच पाड्यावर होती. सकाळी हेमांगी मला म्हणाली, "फुई, तुम्ही जा बरोबर. एकटे असले तर हे फोन लावणार नाहीत." आणि भिलानं गाडीचं दार उघडलं. मला म्हणाला, "बस, फुई."

मी त्याच्याकडे बघतच राहिले. ज्या माणसानं आमदाराच्या आत्याबाईंना बसवलं नाही, त्यानं मला बसवलं. इतकी वर्षं मला हेच हवं होतं, आणि त्या दिवशी ती सीट मला काट्यासारखी टोचत होती. डॉक्टर मॅडमनी माझ्याकडे बघितलं, भिलाकडे बघितलं, आणि म्हणाल्या, "बसा मावशी, तुमचं बीपी मोजू." मोजलं. नको तितकं निघालं. म्हणजे नियमही मोडला नाही.

वर पाड्यावर रेंज नाही. मोहाखाली लोक बसलेले. पार्वतीबाई पुढे आली, तिच्या मागं दोघांनी धरून आणलेली काजल. आता ती चांगली दहा-बारा वर्षांची झालीय. तिला सिकलसेल आहे, रक्ताचा तो आजार आमच्या डोंगरात घराघरात आहे. गोळ्या दर महिन्याला गाडीतूनच मिळतात. त्या दिवशी तिची हाडं ठणकत होती. ओठ कोरडे, डोळे पिवळे, आणि ओरडायचीही ताकद नाही. मॅडमनी सलाईन लावली, औषध दिलं आणि म्हणाल्या, "भिलाभाऊ, हिला धडगावला नेऊ या."

आम्ही निघालो. मागे काजल आडवी, पार्वतीबाई तिचे पाय चेपत बसलेली. पुढे मी आणि भिला. मी काही चिडवावं म्हणून तोंड उघडत होते आणि मिटत होते. भिला सारखा घड्याळाकडे बघायचा, मग आरशातून काजलकडे, मग रस्त्याकडे. ऊन कलायला लागलं होतं.

आणि मग मोबाईल वाजला. एकदम चार-पाच मेसेज. रेंज आली होती.

मी बाहेर बघितलं. तेच वळण.

ह्या सगळ्या घाटात फोन लागतो तो फक्त तिथं. दोन डोंगरांच्या फटीतून कुठला तरी टॉवर तिथं पोचतो. आणि भिला इतकी वर्षं तिथून हॉर्न वाजवून पुढे जात होता. त्यानं ह्या वेळीही हॉर्न वाजवला. गाडी पुढे चालली. मी म्हटलं, "भिला." तो थांबेना. मागून पार्वतीबाईनं जाळीवर हात मारला. ती तिच्या पावरी बोलीत बोलली, मी माझ्या बोलीत सांगते. "थांब रे," ती म्हणाली. "इथं थांबायला मी भीत नाही, तू का भितोस?"

मॅडम म्हणाल्या, "पाच मिनिटं चालतील. औषध लागू व्हायला तेवढी लागतीलच."

भिलानं गाडी थांबवली. उतरला. चाकाखाली दगड लावला. आणि जिथं ती झोळी ठेवली होती, तिथंच उभा राहून त्यानं मुंबईला फोन लावला.

ह्या वेळी नवनीतनं उचलला. भिलानं स्पीकर लावला, हात इतके कापत होते की मी मोबाईल धरला.

"नवनीतभाऊ, ती कपात मांगे नका लेऊ!"

"अरे भिलाभाऊ, तूच सांगं होतं ना? मी साहेबच्या कागदावरून तो मुद्दा काढी टाकेल शे. साहेब आते सभागृहमा शेतस, त्यासना नंबर आते लागी."

"मंग परत घाला ना!"

"आत फोन नेता येत नही."

 मी मोबाईल तोंडाजवळ घेतला. "नवनीत, मी छबू फुई बोलस. तू लहान होता तवय मन्हा ओटावर खेळे, माले याद शे. एक चिठ्ठी आत धाड. लिही, भिला माफी मांगस, कपात राहू द्या. आणि लवकर लिही, आमन्हा गाडीमा पोरगी शे."

पलीकडे काही वेळ नुसता गोंगाट. मग तो म्हणाला, "शिपाईकडे देस. पोचनी तर पोचनी."

फोन ठेवला. मोबाईलवरच सभागृहाचं कामकाज थेट दिसतं, ते हेमांगीनं सकाळी लावून दिलं होतं. ते उघडलं. आम्ही दोघं दरीच्या कडेला, एका मोबाईलवर डोकी टेकवून. मागच्या दारातून पार्वतीबाई बघतेय. पडद्यावर साहेब उभे राहिले. तेच साहेब, फेटा नाही, बासरी नाही. एका घाटरस्त्याबद्दल बोलले. एका वसतिगृहाबद्दल बोलले. भिला पुटपुटत होता, "सांग, सांग, सांग." घंटा वाजली. अध्यक्ष म्हणाले, संपवा. साहेब कागद गोळा करायला लागले. तेवढ्यात एक पांढऱ्या कपड्यातला माणूस वाकून त्यांच्या बाकाशी आला, हातात काहीतरी होतं. साहेबांनी ते घेतलं, वाचलं, मान वर केली, तोंड उघडलं—

आणि पडदा थांबला. साहेबांचं तोंड तसंच उघडं. वर ते गोल फिरणारं चाक.

भिलानं मोबाईल हलवला. उंच धरला. दगडावर चढला, अगदी कडेला. मी त्याच्या शर्टाचं टोक धरून ठेवलं. चाक फिरतंय. खाली दरीत कुठं तरी एक शेळी ओरडत होती. मागे काजल कण्हली आणि पार्वतीबाई आत वळली. मला वाटलं, आता हा वळणावरून उडी मारतो की काय.

चित्र आलं तेव्हा साहेब खाली बसलेले होते. अध्यक्ष एका सुरात म्हणत होते, "कपात सूचना मताला टाकतो. अनुकूल असतील त्यांनी होय म्हणावे… प्रतिकूल असतील त्यांनी नाही म्हणावे… नाहीचे बहुमत… आता मागणी मताला टाकतो… होयचे बहुमत… मागणी मंजूर झाली आहे." आणि लगेच पुढची. वाढा, उचला.

"विचारं का त्यासनी?" भिला मला म्हणाला. "फुई, विचारं का?"

मला काय माहीत? मध्ये काय झालं, साहेब बोलले की घसा खाकरून बसले, मंत्री काय म्हणाले, ते सगळं त्या चाकात गेलं. मॅडमनी आतून हाक मारली, "भिलाभाऊ, आता निघा."

त्यानं दगड काढला. बसला. पुढचा घाट मी असा कधी उतरले नाही. वेगात नाही, उलट इतक्या जपून, जसं काही गाडीत दूध ठेवलंय. पहिल्यांदाच त्याला घाटाची भीती वाटताना मी बघितली. दोन्ही हात स्टेअरिंगवर, प्रत्येक वळणाला हॉर्न. एकदा म्हणाला, "हाई शेवटली फेरी व्हई तर?" मी म्हटलं, "गप बस, समोर बघ." चिडवायला दुसरं काही सुचलं नाही.

धडगावला दवाखान्याच्या दारात काजलला उतरवलं. स्ट्रेचर आत गेलं. पार्वतीबाई मागे गेली. मग भिला पायरीवर बसला आणि त्याचा मोबाईल वाजला. हेमांगी.

त्यानं मला दिला. "तू बोल."

"पोचली चिठ्ठी," हेमांगी म्हणाली. ती घरी बसून बघत होती, तिच्याकडे वायफाय आहे. "साहेबांनी अर्धा मिनिट मागून घेतला. म्हणाले, आमच्या डोंगरातला फिरता दवाखाना महिनाअखेरीला बंद पडणार का, एवढंच मंत्र्यांनी सांगावं."

"मंग? मंत्री काय म्हणना?"

"म्हणाले, बंद होऊ देणार नाही. आत्ता तीन महिने मुदतवाढ देतो, पुढचं पावसाळी अधिवेशनात पुरवणी मागण्यांत बघू."

भिलाला सांगितलं. त्यानं बोटांवर तीन महिने मोजले. मग म्हणाला, "पण ते शंभर तर पडनात ना? नाहीचे बहुमत. साहेब हारनात?"

"हारले, म्हणूनच गाडी राहिली," हेमांगी फोनमधून ओरडली.

"हाई कशी रीत शे?"

"जावयाची," मी म्हटलं.

मुदतवाढीचा आदेश महिना संपता संपता आला. तोवर अजून काय काय झालं म्हणे, खर्चाचं विधेयक, वरचं सभागृह, राज्यपालांची सही. हेमांगी रोज सांगायची आणि भिला रोज विचारायचा, "आते कोठे पोचनं?" जशी काही ती एस.टी. बस आहे, घाट चढतेय.

काजल बरी झाली, म्हणजे त्या वेळेपुरती. हा आजार जात नाही, गोळ्यांवर ठेवावा लागतो. पुढच्या फेरीला मी वर नव्हते, मला पुन्हा गाडीत घेतलं नाही. माझं बीपी आता बरं आहे म्हणे. पण मॅडमनी सांगितलं ते सांगते. मोहाखाली पार्वतीबाईनं गोळ्यांची पुडी पदरात बांधली आणि भिलाला विचारलं, "गाडी आता कधी बंद पडणार?"

"आखाडात कळेल," तो म्हणाला.

"मग आखाडात पुन्हा भ्यायचं?"

"हो," भिला म्हणाला. "पण आता कुणाला फोन करायचा ते माहीत आहे."

उतरताना त्या वळणावर त्यानं हॉर्न वाजवला, आणि गाडी थांबवली. चाकाखाली दगड लावून, आखाडाची आठवण द्यायला, नवनीतला फोन केला. मॅडम म्हणतात, हात तसेच कापत होते.